वाहनतळावरील मोकळी जागा आणि विद्यार्थ्याचे ॲप

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत मोटार उभी करण्याची जागा हा जुन्या तंट्याचा विषय आहे. प्राध्यापकांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे वाहनतळाविषयीचे सामाईक गाऱ्हाणे होय, अशा आशयाची थट्टा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एकेकाळचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी केली होती. याच विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या प्राध्यापकांसाठी जागा राखून ठेवल्या जातात, यावरून त्या जागेचे मोल वाचकांच्या ध्यानात यावे.

हा शोध किती महाग पडतो, हे लॉस एंजेलिस येथील नगररचनेचे प्राध्यापक कै. डोनाल्ड शूप यांनी मोजून दाखविले. विद्यापीठाला लागून असलेल्या वेस्टवुड व्हिलेज या वस्तीत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी २४० वेळा जागा शोधून पाहिली. तेथे मोटारी इतक्या संथ चालत की बहुतेक विद्यार्थ्यांनी हे काम सायकलवरूनच केले. सरासरी शोधास ३.३ मिनिटे लागली व अर्धा मैल फिरावे लागले. एकट्याने पाहता हे क्षुल्लक वाटते. परंतु त्या लहानशा वस्तीत वर्षभराची अशी वणवण सुमारे साडेनऊ लाख मैल भरते, असा त्यांचा हिशेब होता.

तेव्हा संगणकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला मोकळी जागा दाखविणारे ॲप, म्हणजे मोबाईलवर चालणारी आज्ञावली, करावीशी वाटली तर नवल नाही. नकाशा व रंगीत खुणा काढणे हा त्यातील सोपा भाग. खरी अडचण ही की, जागा मोकळी आहे हे ॲपला सांगणार कोण?

उपग्रहांच्या साहाय्याने मोबाईलला आपले स्थान मोकळ्या आकाशाखाली साधारणतः पाच मीटरांच्या फरकाने कळते. मोटारीची जागा मात्र जेमतेम अडीच मीटर रुंद असते. म्हणजे मोटार नेमकी कोणत्या चौकटीत आहे, हे मोबाईल खात्रीने सांगू शकत नाही. निघताना वापरकर्त्याने कळ दाबावी, अशी योजना केली जाते; पण ज्याला घरी जायचे आहे त्याला या कष्टाचे काय फळ? दारावर येणारी-जाणारी वाहने मोजणे अधिक खात्रीचे. यातही सुटलेल्या नोंदींची चूक दिवसेंदिवस साठत जाते. म्हणून रात्री तळ रिकामा असताना आकडा नव्याने मांडावा लागतो. आठवडे बाजारात गाड्यांची पावती फाडणाऱ्याला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

छायाचित्रांचा मार्ग विशेष उद्बोधक आहे. ब्राझीलमधील पाराना राज्यातील दोन विद्यापीठांच्या वाहनतळांची १२,४१७ छायाचित्रे ऊन, ढग व पाऊस अशा तिन्ही स्थितींत घेऊन २०१५ साली संशोधनासाठी खुली करण्यात आली. त्यांत प्रत्येक जागा रिकामी की भरलेली, याची नोंद आहे. अशा नोंदींवरून संगणकास फरक ओळखण्यास शिकविता येते. झाडाची सावली व ओल्या डांबराची चकाकी त्याला चकवितात, म्हणूनच तिन्ही ऋतुमानांची चित्रे हवीत. मात्र चित्रातून केवळ संख्या घ्यावी. वाहनांचे क्रमांक साठवू नयेत. कोण केव्हा आले आणि गेले, याची वही ठेवण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्यास कोणी दिलेला नसतो.

एवढे करूनही एक पेच उरतो. एकच जागा मोकळी असताना ॲपने ती पन्नास जणांना दाखविली, तर एकोणपन्नास जण फसतात, आणि परीक्षेच्या दिवशी अशा फसवणुकीची किंमत मोठी असते. यास्तव शहाणे ॲप जागा दाखवीत नाही, शक्यता सांगते: तासिकांचे वेळापत्रक व मागील दिवसांच्या नोंदी पाहून, सकाळी दहा वाजता अमुक तळावर जागा मिळणे कठीण, असे घरून निघण्यापूर्वीच कळविते. वाहन चालविताना मोबाईलकडे पाहणे धोक्याचे असल्यामुळेही ही सूचना आधीच मिळालेली बरी. आणि सर्व तळ भरलेले असतील, तर त्याच पडद्यावर विद्यापीठाकडे येणाऱ्या पुढच्या बसची वेळ दिसावी.