सायकल वाहतूक, नेदर्लंड्समधील
सपाट भूप्रदेश व आटोपशीर शहरे यांमुळे नेदर्लंड्समध्ये सायकलीचा वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सार्वत्रिक झाला होता. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी झपाट्याने वाढल्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद करण्यात आले आणि सायकली मागे पडल्या. १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत सु. ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत ४०० हून अधिक मुले होती. यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. १९७३ मधील खनिज तेलाच्या टंचाईने तिच्या मागणीस बळ मिळाले.

प्रारंभी टिलबर्ग व द हेग येथे प्रत्येकी एक नमुनादाखल सायकलमार्ग बांधण्यात आला. सुटा मार्ग पुरेसा नसतो, हे त्यावरून दिसून आले. म्हणून डेल्फ्टमध्ये शहरभर सलग जाळे उभारले गेले. १९९० नंतरच्या दशकात स्वीकारलेल्या सुरक्षा-धोरणानुसार वेगवान वाहने व सायकली यांचे मार्ग वेगळे ठेवतात. जेथे ते एकत्र असतात, तेथे वेगमर्यादा बहुधा ताशी ३० किमी. असते. सायकलींची रेल्वेशीही सांगड घातलेली आहे. उत्रेक्त स्थानकालगतच्या वाहनतळात (२०१९) सु. १२,५०० सायकली मावतात.

रस्त्यांवरील वार्षिक मृत्यूंची संख्या पुढे हजाराच्या आत आली. मात्र मृतांमध्ये सायकलस्वारांचे, विशेषतः वृद्धांचे, प्रमाण मोठे असल्याने विजेवर चालणाऱ्या सायकलींची सुरक्षितता हा नवा प्रश्न ठरला आहे.