साहाय्यित आणि स्वावलंबी स्थाननिश्चिती : तंजावूरच्या अंगणातून

१८०८ साली विल्यम लॅम्ब्टन याने आपला सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट तंजावूरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर चढविण्याचा घाट घातला. कावेरीच्या सपाट, ताडामाडांनी झाकलेल्या मुलखात दूरवरचे दिसण्यासाठी टेकडी नव्हती; देवळाचे शिखर हीच टेकडी. चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि पुढे कित्येक आठवडे खपून लॅम्ब्टनने ते दुरुस्त केले. गादीवर त्या वेळी सरफोजी राजे होते. त्याच गावात आज अभ्यासकाच्या खिशातला मोबाइल तेच काम करू पाहतो. फरक एवढाच की त्याला क्षितिज नको, माथ्यावरचे आकाश हवे.

सरस्वती महालातील मोडी कागद पाहून, त्यांत आलेल्या गावांची आणि शिलालेखांची स्थाने अक्षांश-रेखांशांसह टिपण्याचा प्रघात आता पडू लागला आहे. म्हणून हा विषय साहित्याच्या अभ्यासकालाही परका राहिलेला नाही.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपली वेळ प्रक्षेपित करीत असतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक. फोनचे घड्याळ इतके काटेकोर नसते, म्हणून तीनऐवजी चार उपग्रह लागतात. परंतु अंतर कळून काय उपयोग, जर उपग्रह त्या क्षणी कोठे आहे हे ठाऊक नसेल? ही माहिती उपग्रह स्वतःच पाठवितो, पण सेकंदाला केवळ ५० बिट या संथ गतीने. तिचे दोन भाग आहेत. आपल्या पंचांगाच्या भाषेत एकाला स्थूल आणि दुसऱ्याला सूक्ष्म म्हणावे. सर्व उपग्रहांचे स्थूल पंचांग पुरे ऐकण्यास साडेबारा मिनिटे लागतात. एका उपग्रहाचे सूक्ष्म पंचांग दर ३० सेकंदांनी फिरून येते आणि साधारण चार तास चालते.

स्वावलंबी यंत्र हे सारे आकाशातून ऐकते. मध्येच भिंत आडवी आली तर ऐकलेले तुटते आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. साहाय्यित पद्धतीत तेच पंचांग, अंदाजी वेळ आणि जवळच्या मनोऱ्यावरून काढलेले ढोबळ स्थान मोबाइलच्या जाळ्यातून क्षणात येते. कोणता उपग्रह कोठे शोधावा हे आधीच कळल्याने शोध आखडतो, आणि संदेश वाचण्याइतका ठळक नसला तरी अंतर मोजण्यापुरता पुरतो. अंतर मात्र उपग्रहांवरूनच मोजावे लागते. साहाय्य म्हणजे पर्याय नव्हे.

येथेच घोटाळा होतो. जाळे नाही म्हणजे स्थान मिळणारच नाही, असे समजून खेड्यातल्या देवळापाशी फोन मिटून ठेवणारे विद्वान मी पाहिले आहेत. (मीही त्यांतला एक होतो.) उघड्या अंगणात काही मिनिटे थांबण्याची तयारी असली की पुरे. याच्या उलट चूक अधिक घातक. राजवाड्याच्या जाड भिंतींआड उपग्रह ऐकू येत नाहीत; तरीही फोन निमूटपणे जवळच्या मनोऱ्यांच्या आधारे एक ठिपका दाखवितो. ही साहाय्यित स्थाननिश्चिती नव्हे. उपग्रहांविना केलेला तो केवळ अंदाज होय, आणि तो शेकडो मीटरांनी चुकू शकतो. बृहदीश्वराच्या भिंतींवर सरफोजींनी १८०३ साली कोरविलेल्या भोसले वंशाच्या मराठी शिलालेखाचे स्थान असे टिपले, तर तो कागदावर भलत्याच गल्लीत जाऊन बसेल. मोठ्या देवळाच्या बाबतीत ही चूक कोणाच्याही लक्षात येईल. शेतातल्या एकट्या वीरगळाच्या बाबतीत कोणाच्याच नाही.

म्हणून ठिपक्याभोवतीच्या फिकट वर्तुळाकडे पाहावे. ते अनिश्चिततेचे माप आहे. दालनातून चौकात यावे, वर्तुळ आक्रसेपर्यंत थांबावे, आणि अक्षांश-रेखांशांच्या शेजारी त्याची त्रिज्याही वहीत लिहावी.