गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर…

हौसेनं घेतलेली गाडी पुष्कळ घरांत सहलीला नाहीतर लग्नकार्याला तेवढी बाहेर निघते. पावसाळा लागला, की तेही थांबतं. गावी जाताना आपण गॅस बंद करतो, फ्रीज रिकामा करतो, कुंड्यांचं पाणी शेजारणीवर सोपवतो. गाडीला मात्र कुलूप लावलं, की झालं! पण मैत्रिणींनो, नुसती उभी असलेली गाडीही बिघडते बरं का. आणि ही कामं काही सगळीच मेकॅनिकची नाहीत.

सुरुवात केरवाऱ्यापासून करू. सीटच्या फटीतले बिस्किटांचे तुकडे, शेंगदाणे, चॉकलेटचे कागद झटकून काढा. खाण्याच्या वासानं उंदीर येतात आणि मग वायरीही कुरतडतात. गाडीजवळ धान्याची पोती, रद्दी किंवा कचऱ्याची बादली ठेवू नका. गाडी बाहेरून धुऊन पूर्ण कोरडी करा. पक्ष्यांची विष्ठा राहिली, तर रंगावर कायमचे डाग पडतात. आतल्या चटया उन्हात वाळवून मगच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी आलीच म्हणून समजा.

झाकण्यासाठी प्लास्टिकची ताडपत्री नको. आतली वाफ कोंडते आणि पत्रा गंजतो. ओले कपडे आपण कधी पिशवीत बांधून ठेवतो का? तसंच हे. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या.

आता पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकी रिकामी असली, की आत दमट हवेला जागा मिळते. म्हणून जाण्यापूर्वी टाकी जवळजवळ भरून ठेवावी. टायरमध्येही नेमकी हवा भरून घ्या. किती भरायची, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

हँडब्रेक मात्र ओढून ठेवू नका. दमट हवेत तो तसाच चिकटून बसतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके किंवा विटा लावा. स्कूटर असेल, तर ती मधल्या स्टँडवर उभी करा.

गाडी बंद असली, तरी घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज खातच असतात. काही आठवड्यांत बॅटरी उतरते. महिन्याहून जास्त दिवस जाणार असाल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून घ्या. विश्वासातलं कोणी मागे राहणार असेल, तर त्याहून उत्तम. पंधरा दिवसांतून एकदा त्यांनी आठ-दहा किलोमीटर फेरी मारून आणावी. बॅटरी, टायर, ब्रेक, सगळ्यांनाच ते मानवतं.

पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उभी गाडी म्हणजे मुलांना लपाछपीची आयती जागा. उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच भट्टीसारखी तापते. आत शिरलेल्या मुलाला दार उघडता आलं नाही, तर जीव जातो. आपल्या देशात असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून दारं आणि डिकी, दोन्हींना कुलूप हवं आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंचावर हवी. मूल दिसेनासं झालं, तर उभ्या गाड्यांत आधी डोकवा.

गाडी चालत नाही म्हणून विमा चुकवू नका. चोरी, आग, पूर यांना गाडी चालू की बंद याच्याशी काय कर्तव्य? शिवाय मुदत संपून ९० दिवसांहून जास्त झाले, तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. विम्याची आणि पीयूसीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेवटचं काम अगदी सोपं. 'गुटके काढा, बॅटरी जोडा, टायर बघा, बोनेट उघडून बघा, ब्रेक तपासा' अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा. परत आल्यावर घाईत किल्ली फिरवणाऱ्याच्या हाताला आधी ती लागेल.