वाहिनीवंत वनस्पती

वाहिनीवंत वनस्पती म्हणजे पाणी, क्षार आणि अन्नरस यांच्या वहनासाठी स्वतंत्र ऊतके (समान कार्य करणाऱ्या पेशींचे समूह) असलेल्या वनस्पतींचा गट होय. शास्त्रीय वर्गीकरणात या गटास ट्रॅकिओफायटा असे म्हणतात. नेचे व त्यांच्या जवळच्या वनस्पती, सायकस व पाइन यांसारख्या अनावृतबीजी वनस्पती आणि सर्व सपुष्प वनस्पती यांचा त्यात समावेश होतो. या गटातील ज्ञात जातींची संख्या तीन लाखांहून अधिक असून त्यांतील बहुसंख्य जाती सपुष्प आहेत. नेचे व त्यांच्या जवळच्या वनस्पतींच्या सुमारे १२,०००, तर अनावृतबीजींच्या १,००० हून थोड्या अधिक जाती ज्ञात आहेत.

पाण्यात वाढणाऱ्या शैवलाला सर्वांगाने पाणी शोषता येते. जमिनीवर मात्र पाणी खाली मातीत आणि प्रकाश वर हवेत असतो. या दोहोंना जोडणारी व्यवस्था नसलेल्या मॉस व यकृतका यांसारख्या वनस्पती बहुधा काही सेंटिमीटरच उंच होतात. जमिनीवरील जीवनाची दुसरी अडचण प्रजननाची आहे. कारण मूळच्या पद्धतीत नर युग्मकाला स्त्री युग्मकापर्यंत पाण्यातून पोहत जावे लागते. वाहिनीवंत वनस्पतींची रचना, वाढ व प्रजनन या दोन अडचणींच्या संदर्भात पाहिल्यास त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

उगम

कुकसोनिया या वनस्पतीचे सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म हे जमिनीवरील उभ्या वनस्पतींच्या सर्वांत जुन्या अवशेषांपैकी आहेत. तिला मुळे व पाने नव्हती. काही सेंटिमीटर उंचीच्या, दुभागत जाणाऱ्या खोडाच्या टोकांशी बीजाणू तयार होणाऱ्या पिशव्या असत. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत अशा आद्य वनस्पती पेशींच्या तपशिलांसह टिकून राहिल्या आहेत. रॉबर्ट किडस्टन व विल्यम लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांची वर्णने प्रसिद्ध केली.

शरीररचना

वाहिनीवंत वनस्पतीचे शरीर सामान्यतः मूळ, खोड व पान या तीन अवयवांचे बनलेले असते. मुळाच्या टोकामागील भागात असणारे मूलरोम मातीतील पाणी व क्षार शोषून घेतात. खोडावर पाने जेथे येतात त्या जागेस पेर आणि दोन पेरांमधील भागास कांडे म्हणतात. पानाच्या बगलेत मुकुल असतो व त्यापासून फांदी किंवा फूल निर्माण होते. पृष्ठभागावरील मेणचट उपत्वचा पाण्याचा व्यय रोखते. मात्र तिच्यातून कार्बन डायऑक्साइडही सहजी आत येत नाही. म्हणून पानांवर पर्णरंध्रे असतात व प्रत्येक रंध्र दोन रक्षकपेशींच्या हालचालीने उघडते वा मिटते. अन्न तयार करण्यासाठी रंध्र उघडले की पाण्याची वाफ बाहेर जाते. ही देवघेव वनस्पतीला टाळता येत नाही.

या सर्व अवयवांतून वाहक ऊतकांचे सलग जाळे पसरलेले असते. त्याचे दोन भाग आहेत : पाणी व क्षार वर नेणारे प्रकाष्ठ (शालेय पुस्तकांतील जलवाहिन्या) आणि शर्करा व इतर सेंद्रिय द्रव्ये नेणारे परिकाष्ठ (रसवाहिन्या). पानाच्या शिरा म्हणजे याच जाळ्याची टोके होत.

पाण्याचे वहन

प्रकाष्ठातील पाणी नेणाऱ्या पेशी कार्यक्षम होतात तेव्हा मृत असतात. पेशीतील जीवद्रव्य नाहीसे होऊन लिग्निन या कठीण द्रव्याने बळकट झालेली भित्तिका तेवढी उरते. त्यामुळे एकाच ऊतकाने पाण्याचे वहन आणि शरीराला आधार ही दोन्ही कामे होतात. लाकूड म्हणजे मुख्यतः साचलेले प्रकाष्ठ होय.

हवेच्या दाबाने पाणी सुमारे १० मीटरपर्यंतच चढू शकते. परंतु कॅलिफोर्नियातील सर्वांत उंच ज्ञात रेडवुड वृक्षाची उंची ११५ मीटरहून अधिक आहे. याचे स्पष्टीकरण हेन्री डिक्सन व जॉन जोली यांनी १८९४ मध्ये मांडले. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, तेव्हा पानातील पेशीभित्तिकांतल्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी मागे ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्याने ही ओढ अखंड जलस्तंभातून मुळापर्यंत पोहोचते. म्हणजेच पाणी खालून ढकलले जात नसून प्रामुख्याने वरून खेचले जाते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा सूर्याच्या उष्णतेतून मिळते. शोषलेल्या पाण्याचा बहुतांश भाग अशा रीतीने हवेत जातो. या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात.

या व्यवस्थेतील धोका जलस्तंभ तुटण्याचा असतो. तीव्र अवर्षणात ओढ वाढली की वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो व ती वाहिनी निकामी होते. पुष्कळ वाहिन्या अशा निकामी झाल्यास फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. कोरड्या ऋतूत पाने गाळणे हा पाण्याचा व्यय टाळून हा धोका कमी करण्याचा एक मार्ग आहे.

अन्नरसाचे वहन

परिकाष्ठातील चाळणी नलिकांच्या पेशी जिवंत असतात; परंतु त्यांत केंद्रक नसते व लगतच्या सहपेशी त्यांचे कार्य चालू ठेवतात. एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, पानात शर्करा नलिकेत भरली जाते, तिच्यामागून पाणी आत येते व दाब वाढतो; मुळे, फळे वा कोंब यांच्याकडे शर्करा काढून घेतली जाते, तेथे दाब कमी होतो. दाबातील या फरकाने रस वाहतो. त्यामुळे त्याची दिशा केवळ अधोगामी नसते. बटाट्याच्या कंदाला कोंब फुटताना तोच रस कंदाकडून कोंबाकडे जातो.

वाढ

प्राण्याचे शरीर बहुधा सर्वांगाने वाढते, तर वनस्पतीची वाढ ठरावीक जागी असलेल्या विभाजी ऊतकांतून होते. मूळ व खोड यांच्या टोकांशी असलेल्या विभाजी ऊतकांमुळे लांबी वाढते. हिला प्राथमिक वाढ म्हणतात. वाढ टोकाशी होत असल्याने, जून झालेल्या खोडात ठोकलेला खिळा झाड कितीही उंच झाले तरी त्याच उंचीवर राहतो. गवतांत कांड्यांच्या व पानांच्या तळाशीही विभाजी ऊतक असते. म्हणूनच शेंडे चरले गेल्यावर गवत पुन्हा वाढते.

जाडीतील वाढ, म्हणजे द्वितीयक वाढ, प्रकाष्ठ व परिकाष्ठ यांच्यामधील ऊतककर या पातळ थरामुळे होते. तो आतील बाजूस नवे प्रकाष्ठ व बाहेरील बाजूस नवे परिकाष्ठ निर्माण करतो. ऋतुमानानुसार लाकडाच्या पोतात फरक पडून वार्षिक वलये दिसू लागतात. सागात ती स्पष्ट असतात. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या अशा वलयांवरून गतकाळातील पर्जन्यमानाचा अभ्यास झाला आहे.

नारळ, सुपारी यांसारख्या एकदलिकित वृक्षांत ऊतककर नसतो आणि वाहक वृंद खोडभर विखुरलेले असतात. त्यामुळे माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा कधीही भरून येत नाहीत; शेंडा मेला की सहसा संपूर्ण झाड मरते.

प्रजनन

वनस्पतींच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. बीजाणुधारी पिढीत गुणसूत्रांचे दोन संच असतात व ती बीजाणू निर्माण करते. बीजाणूपासून एकच संच असलेली युग्मकधारी पिढी वाढते; तिच्यातील नर व स्त्री युग्मकांच्या मीलनातून पुन्हा बीजाणुधारी निर्माण होते. व्हिल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये मॉसपासून अनावृतबीजींपर्यंत हे एकांतरण दाखवून दिले. मॉसमध्ये युग्मकधारी पिढी प्रमुख असते, तर वाहिनीवंत वनस्पतींत बीजाणुधारी.

नेचा : नेच्याच्या पानाच्या मागील बाजूस तपकिरी ठिपक्यांत बीजाणू तयार होतात. ओलसर जागी पडलेल्या बीजाणूपासून काही मिलिमीटर आकाराची, बहुधा हृदयाकृती, हिरवी युग्मकधारी वनस्पती उगवते. तिच्यावरील नर युग्मके पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्री युग्मकाकडे जातात. नेचा स्वतः उंच वाढू शकला, तरी त्याचे प्रजनन असे ओलाव्याला बांधलेले राहते.

बीजधारी वनस्पती : यांत स्त्री युग्मकधारी पिढी स्वतंत्र न वाढता बीजांडातच राहते आणि नर युग्मकधारी पिढी परागकणाच्या रूपात वाऱ्याने वा कीटकांद्वारे तेथे पोहोचते. परागनलिकेमुळे नर युग्मकाला बाहेरच्या पाण्याची गरज उरत नाही. जुन्या पद्धतीची खूण मात्र सायकस व गिंको यांत टिकून आहे. गिंकोची पोहणारी नर युग्मके जपानमध्ये हिरासे साकुगोरो यांनी १८९६ मध्ये शोधून काढली.

सपुष्प वनस्पती : येथे बीजांड अंडाशयात बंदिस्त असते. स्त्री युग्मकधारी बहुधा सात पेशींचा व नर युग्मकधारी केवळ तीन पेशींचा असतो. सेर्गेई नावाशिन यांनी १८९८ मध्ये दाखविल्याप्रमाणे येथे दुहेरी फलन होते : एक नर युग्मक अंडपेशीशी मिळून भ्रूण निर्माण करते, तर दुसरे मध्यपेशीशी मिळून भ्रूणपोष हे अन्नसाठ्याचे ऊतक तयार करते. ज्वारी, तांदूळ व गहू यांच्या दाण्याचा पिठूळ भाग, तसेच नारळाचे पाणी व खोबरे हे भ्रूणपोषच होत. परागकण ही स्वतंत्र पिढी असल्याचा प्रायोगिक प्रत्यय १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात आला. तेथे शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांचे संवर्धन करून त्यांतील परागकणांपासून गुणसूत्रांचा एकच संच असलेले भ्रूण वाढविल्याचे प्रसिद्ध केले.

व्यावहारिक महत्त्व

कलमे करण्याच्या पद्धती वाहक ऊतकांच्या रचनेवर आधारलेल्या आहेत. आंब्याच्या कोय कलमात कोवळे रोप व कलमकाडी यांचे ऊतककर एकमेकांना भिडून जुळावे लागतात. ऊतककर नसल्याने नारळाचे असे कलम बांधता येत नाही. डाळिंबाच्या गुटी कलमात फांदीवरील सालीचे कडे काढतात. सालीबरोबर परिकाष्ठ निघून जाते; त्यामुळे वरून येणारी शर्करा व वाढीस चालना देणारी द्रव्ये कापाच्या वरच्या कडेशी साचतात व तेथे मुळे फुटतात. आतील प्रकाष्ठ शाबूत असल्याने फांदीला पाणी मिळत राहते.

हेच कडे मुख्य खोडाभोवती काढले तर परिणाम उलट होतो. झाड काही काळ हिरवे दिसते, कारण पाणी वर जात असते. परंतु मुळांना अन्न न मिळाल्याने ती साठा संपल्यावर मरतात व पाठोपाठ झाड वाळते. बुंध्याला घट्ट आवळलेली तार किंवा काढून न टाकलेली लोखंडी जाळी खोड जाड होऊ लागल्यावर हळूहळू हाच परिणाम घडविते. प्रचंड वृक्षाच्याही बुंध्यातील अन्नवाहक व वाढणारा भाग सालीलगतच्या पातळ थरापुरताच असतो. म्हणून झाडाच्या जोपासनेत सालीची अखंडता महत्त्वाची ठरते.