मोठे व्हायलाच तयार नसलेले किडे

कोषात झोपलेल्या किड्याला कसं कळतं, की चला, आता उठायचं, पंख फुटायची वेळ झाली? भिंतीवर घड्याळ नाही, हाका मारून उठवायला आई नाही. तरी वसंत आला की तो बरोबर बाहेर येतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले कॅरल विल्यम्स या प्रश्नाच्या मागे लागले, ते जवळजवळ आयुष्यभर.

आधी त्यांनी फळमाशीच्या उडण्याचा अभ्यास केला. मग ते चक्क डॉक्टर झाले, 1946 साली. पण रुग्ण निवडले ते मात्र सेक्रोपिया नावाच्या पतंगाचे कोष! हा पतंग पंख पसरतो तेव्हा साधारण 15 सेंटिमीटर भरतो. त्याचा कोष हिवाळाभर गाढ झोपतो. गंमत अशी, की कोषाला थंडी लागू न देता उबदार खोलीत ठेवलं, तर तो लवकर उठत नाही. महिनोन् महिने झोपूनच राहतो. आधी काही आठवडे गारठ्यात ठेवून मग ऊब दिली, की उठतो.

मग गारठा नेमका कुणाला लागायला हवा? विल्यम्सनी कोषाला कार्बन डायऑक्साइड वायूची भूल दिली. गारठ्यात राहिलेल्या कोषाचा इवलासा मेंदू काढला आणि थंडी न लागलेल्या कोषात बसवला. उघड्या जखमेवर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी लावून ती मेणाने बंद केली. झोपलेला कोष जागा झाला आणि त्याचा पतंग झाला! म्हणजे थंडी मोजत होता तो मेंदू. तो एक रस सोडतो, त्या रसाने छातीतली ग्रंथी जागी होते, ती आपला वेगळा रस सोडते आणि वाढ सुरू होते. अशा रसांना संप्रेरकं म्हणतात. एवढ्याशा जिवावर इतकी नाजूक शस्त्रक्रिया करायची, म्हणजे हात किती स्थिर हवा!

आणखी एक संप्रेरक असतं, ते सांगतं, ‘अजून लहानच राहा.’ त्याचा माग विल्यम्सच्या आधीच लंडनमध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी रक्त पिणाऱ्या एका ढेकणावर प्रयोग करून काढला होता. हे बाल-संप्रेरक असेपर्यंत किडा कात टाकतो, आकाराने वाढतो, पण पिल्लूच राहतो. ते थांबलं, की पुढची कात टाकून तो प्रौढ होतो. 1956 साली विल्यम्सना नर सेक्रोपियाच्या पोटातून या संप्रेरकाने भरलेलं सोनेरी तेल मिळालं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. प्रागचे कारेल स्लामा विल्यम्सकडे काम करायला आले. येताना त्यांनी आपले लाल-काळे किडे सोबत आणले. प्रागमध्ये ते वर्षानुवर्षं मजेत वाढत होते. पाच वेळा कात टाकायची आणि प्रौढ व्हायचं, हा त्यांचा शिरस्ता. हार्वर्डमध्ये मात्र बिनसलं. पाचव्यांदा कात टाकली, तरी पिल्लूच! काहींनी त्यानंतरही कात टाकली आणि ती भलीमोठी पिल्लं तशीच मेली.

दुसरा कुणी किड्यांना नावं ठेवून मोकळा झाला असता. या दोघांनी प्राग आणि हार्वर्ड यांच्यातला एकेक फरक तपासायला घेतला. शेवटी चोर सापडला, तो किड्यांच्या पायाखालीच. त्यांना चालायला भांड्यात हात पुसायचा कागद टाकलेला होता! तो बदलून साधा गाळण-कागद ठेवला आणि किडे निमूटपणे प्रौढ होऊ लागले.

मग काय, मिळेल तो कागद किड्यांपुढे. न्यूयॉर्क टाइम्सवर वाढलेले किडे पिल्लूच राहिले. लंडनच्या टाइम्सवरचे मात्र व्यवस्थित मोठे झाले. बातम्यांचा यात काही दोष नव्हता हं! अमेरिकेत कागदाचा लगदा बाल्सम फर नावाच्या झाडापासूनही बनत होता आणि त्या झाडात किड्याच्या बाल-संप्रेरकासारखंच काम करणारा पदार्थ असतो. लाकडाचा लगदा झाला, त्याचा कागद झाला, त्यावर बातम्या छापल्या, तरी तो टिकून राहिला. 1965 साली दोघांनी हे जगापुढे मांडलं.

विल्यम्सच्या डोक्यात लगेच पुढचं चक्र सुरू झालं. किडे मारायला जालीम विष कशाला? त्यांना मोठंच होऊ दिलं नाही, तर अंडी कोण घालणार? शिवाय हा कागदातला पदार्थ त्या लाल किड्यांच्या कुळालाच बाधतो, बाकीचे सुखरूप. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी बाल-संप्रेरकासारखं काम करणारी औषधं तयार केली. त्यांतलं मेथोप्रीन पाण्यात टाकलं, की डासांच्या अळ्यांना डास होता येत नाही.

प्रागच्या त्या लाल-काळ्या किड्यांच्या कुळातला एक किडा तुमच्याही ओळखीचा असेल. कपाशीवरचा लाल ढेकण्या! के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी 1966 साली दाखवलं, की त्या कागदामुळे हाही प्रौढ होत नाही. कपाशीच्या किंवा भेंडीच्या झाडावर तो घोळक्याने बसलेला दिसला, तर जरा वाकून बघा. ज्यांचं पोट पंखांनी झाकलेलं आहे ते मोठे, आणि ज्यांचं लाल पोट उघडं दिसतंय ती पिल्लं.