टर्बोयुक्त मोटारीची निष्कास-नळी आणि प्रदूषणाचे नियम

धुळ्यास मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांस छेदतात. दुसरा पुढे जळगावावरून जातो. या मार्गांवर धावणाऱ्या टर्बोयुक्त मोटारीस मूळ नळीऐवजी रुंद निष्कास-नळी बसविल्यास काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

टर्बोचे चाक निष्कास वायूंच्या जोरावर फिरते. चाकापुढील मार्गात वायूंना अडथळा जितका कमी, तितके ते लवकर वेग घेते. म्हणून रुंद नळीने शक्ती वाढते, हा अनुभव खोटा नव्हे. परंतु आजच्या पेट्रोल मोटारीत या चाकालगतच उत्प्रेरक-पात्र असते आणि अडथळा दूर करण्याच्या ओघात पुष्कळदा तेच काढले जाते. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्हींचे निराकरण तेथे होते. त्यामागील सायलेन्सर बदलल्यास फरक मुख्यत्वे आवाजात पडतो. पात्र काढल्यास तो हवेत पडतो.

खरी मेख पुढेच आहे. पीयूसी तपासणीत पेट्रोल मोटारीच्या पहिल्या दोन घटकांचे मापन होते, तिसऱ्याचे होत नाही. सबब, प्रमाणपत्र हाती असूनही मोटार १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकात बसते, असे सिद्ध होत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत फेरबदलास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तोच अर्थ स्पष्ट केला. तेव्हा अभ्यासकाने केवळ प्रमाणपत्र न पाहता नळीही पाहावी, हे उचित.