सातव्या घराचा हब

सावरगावात व्यवसाय सुरू केल्यानंतरच्या एका उन्हाळ्यातील ही गोष्ट. हगवण-उलट्यांनी सुकून गेलेले दहा महिन्यांचे बाळ रात्री आले. महत्प्रयासाने २४ गेजचा कॅन्युला शिरेत बसला. परंतु सलाइनची नळी जोडताच हबमधून थेंब ठिबकू लागले. पुनःपुन्हा जोडूनही पट्टी ओलीच. अखेर कॅन्युला काढावा लागला. दुसरी शीर सापडेपर्यंत गेलेला पाऊण तास मी विसरलेलो नाही. बाळ वाचले. तो हब मात्र मी धुऊन, पाकिटासह टेबलाच्या खणात ठेवला.

पुढे आमच्याच गावचा एक तरुण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकून साचे घडविणारा कारागीर झाला. दिवाळीत तो भेटावयास आला, तेव्हा मी तो हब त्याच्या तळहातावर ठेवला.

हबचा आतील निमुळता भाग पोलादी कोअर पिनभोवती घडतो. हा ल्युअर उतार जगभर ६ टक्के. तोंडाशी व्यास सुमारे ४.३ मि.मी. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना एक ते अडीच टक्के आकसते, म्हणून पिन तेवढी जाड घडवावी लागते. हे जास्तीचे माप जेमतेम केसाएवढे! पण उतारच असा की व्यासात ०.०६ मि.मी. चुकले, तर जोड १ मि.मी. मागेपुढे बसतो. पिनला झिलई द्यायची तीही हब ज्या दिशेने सुटणार त्याच दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर प्लॅस्टिक त्यांना धरून बसते. एवढ्या बारीक पिनमध्ये थंड पाण्याची वाट कोरणे अवघड, म्हणून कधी ती उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या बेरिलियम-तांब्याची करतात. (स्वतःच्या टाक्यांचे कौतुक तेव्हापासून मी बेतानेच करतो.)

मग त्याने भिंग मागितले. "डॉक्टरसाहेब, तोंड लंबगोल झालंय. बाहेर ढकलणाऱ्या पिनचा ठसा एकाच बाजूला खोल आहे. गरम असतानाच वाकडं ढकललं गेलं असावं." कडेवर बारीक ७ होता. एका साच्यात अनेक घरे असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्याच बॅचची मुदत संपलेली पाकिटे कपाटात पडून होती. आम्ही ती फोडली. सातव्या घराचे तीन हब निघाले, तिन्ही गळाले. कंपनीला लिहिलेल्या पत्रात बॅच क्रमांकाशेजारी मी तो आकडाही लिहिला.